पेन्शनचे खाते गोठवू नका

महोदय,

माझे वडील निवृत्त सरकारी कर्मचारी. भावाच्या दुकानाच्या कर्जाला जामीन राहिले. दुकान बुडाले आणि ऐन चवथीच्या तोंडावर त्यांचे पेन्शनचे खाते गोठवले गेले. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांची, पिशवी रिकामीच घेऊन ते म्हापशाच्या बाजारातून परतले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी पेन्शन जप्त होत नाही. हातात पडल्यावरही ती पेन्शनच राहते, असे सर्वोच्च न्यायालय सांगते. पासबुकाच्या प्रती जोडून अर्ज केला, तेव्हा खाते सुटले. तोवर औषधेसुद्धा उधारीवर!

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींसाठीचा भाग अजून कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू आहे. छोट्या दुकानदाराने जायचे कुठे? निदान खात्यात पेन्शन येते का, एवढे बँकांनी आधी पाहावे.

- एक वाचक, म्हापसा