चि. सोहमला, आजीच्या पत्त्यावर

चि. सोहम,

अनेक आशीर्वाद. बाबा आज ठाण्याला, नौपाड्याला येतायत, त्यांच्याबरोबर हे देतेय. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू उघडलंच नसतंस आणि मी टिका निळ्या व्हायची वाट बघत बसले असते. आजीचं गुडघ्याचं तेलही दिलंय, तिला आठवण कर.

गणपतीपासून तुझं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर जोडलेलं होतं. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये ते तुला दिसलं आणि तू बॅग भरलीस. तिथे अधूनमधून बघत जाच. एका नंबरला अशी चार उपकरणं जोडता येतात आणि हा उद्योग फक्त आयाच करतात असं नाही. लॅपटॉप मी आता काढलाय, खात्री करून घे. पण 'माझं चुकलं' असं मी लिहिणार नाही. रात्री दीडला तुझ्या दाराखालून उजेड दिसला की माझं काय होतं ते माझं मला माहीत.

तुझा फोन ओट्यावर चार्जिंगला होता. मी पोळ्या करत होते. स्क्रीनवर एकच ओळ आली, 'घरी कोण आहे आत्ता?' नावाच्या जागी तो तुमचा गेममधला रॉनिन. पिठाच्या हाताने फोन उचलेपर्यंत स्क्रीन काळी झाली. तू काय उत्तर दिलंस ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हताच. एवढं सगळं केलं आणि ज्याच्यासाठी केलं तोच तिथे नाही!

मिळालं ते भलतंच. तुझ्या त्या मित्राच्या घरचं सगळं मी वाचलं. त्याची आई भाजीवाल्याकडे भेटते, हसते, आणि मी कोथिंबीर निवडत बसते. तिने मला काही सांगितलेलं नाही आणि मला सगळं माहीत आहे. आणि त्याला तू लिहिलेलं, 'आमच्याकडे ये झोपायला, आई काही विचारत नाही.' तो आला, थालीपीठ खाल्लं, मी खरंच काही विचारलं नाही. सोहम, ते वाचून मला तुझा काय अभिमान वाटला ते तुला सांगायचीही सोय नाही.

'ताईचा फोन कधी बघितलात का?' असं ओरडलास. नाही बघितला. तिला आठवीपासून शंभर गोष्टी बजावल्या. तुला एकही नाही, मुलगा आहे, त्याला काय होणार म्हणून. मामाच्या ऑफिसातल्या त्या पोराचं ऐकलं तेव्हा डोळे उघडले. अनोळखी मुलीचा व्हिडिओ कॉल, पलीकडून रेकॉर्डिंग, मग पैसे, मग कोणीतरी 'पोलीस' बनून फोन. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. असं काही झालं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लावायचा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा, अठराच्या आतल्या मुलग्यांनाही लागू आहे, म्हणजे तिथे गुन्हेगार तू नसतोस. शाळेची, घराची, एकटं असण्याची माहिती कोणाला...

बघ, सुरू झालं माझं. सोड. बाबा म्हणालेच होते, एक पान लिही, फळा नको.

तू पाच वर्षांचा असताना दिवाळी पहाटेला तलावपाळीला तुझा हात सुटला होता. गडकरी रंगायतनपासून राम मारुती रोडपर्यंत नुसती माणसं. शेवटी तूच सापडवलंस मला. एका पोलीसकाकांना माझा नंबर म्हणून दाखवलास, मी शिकवलेल्या चालीत, दहाच्या दहा आकडे. फोनवर आधी ती चालच ऐकू आली. तेव्हा तुला माहीत होतं की आईला फोन गेला की आई येते, रागावत नाही. नंतर कधीतरी तुला वाटायला लागलं की आईला कळलं तर फोन जाईल. दहावीत मी तो खरंच काढून घेतला होता, म्हणून वाटतं ते खोटं नाही.

तेव्हा एवढंच लेखी देते. काहीही झालं, कितीही लाज वाटण्यासारखं असलं, तरी सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. बाबांचीही सही घेतलीय खाली. हे चिडवण्यासाठी लिहिलेलं नाही, जपून ठेव, उद्या मी शब्द फिरवायला लागले तर दाखव.

रविवारी ये. ट्रान्स-हार्बर लोकलला गर्दी असेल तर पुढची गाडी धर, दारात लटकू नकोस.

तुझी,
आई

ता. क. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन घाल. माझी जन्मतारीख नको, ताई लगेच ओळखेल.

आणि तो रॉनिन कोण आहे? नको सांगूस हवं तर. पण तू त्याला काय उत्तर दिलंस?