शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : मुलांना त्यांच्या आवडीचे वाचू द्या

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य.

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी वाचनाच्या तासाला माझ्या सातवीतल्या मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेतले. पुस्तक सापांवरचे होते. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण त्याला दहावीपर्यंत तिथेच शिकायचे आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत याच शाळेने सांगितले होते की शनिवारी मुलांनी आवडीचे पुस्तक आणावे. आता म्हणतात, यादीतलेच वाचायचे. यादी कोणी केली विचारले, तर ‘वरून आली’. वर म्हणजे नेमके कुठे, ते कोणालाच सांगता येईना.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. पावसाळ्यात आमच्या अंगणात साप निघतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही माझा मुलगा ओळखतो, कारण त्याने ते वाचले आहे. चौथीपर्यंत याच मुलाला एक परिच्छेद धड वाचता येत नव्हता. मी औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करते. रात्री दमून घरी यायचे आणि त्याला धड्यातली ओळ न् ओळ वाचायला लावायची. तो रडायचा, मग मीही रडायचे. शिकवणी लावली, पैसे गेले, नवऱ्याशी भांडणे झाली. आणि हे एक पुस्तक हाती आल्यावर तो आपणहून वाचायला बसला. ‘प्रतिविष’ शब्दाला अडला की मागे जाऊन पुन्हा वाचायचा. शनिवारपासून त्याने कुठल्याच पुस्तकाला हात लावलेला नाही. ‘आई, ते पुस्तक वाईट आहे काय?’ असे मला विचारतो. मंत्रिमहोदय, मी त्याला काय सांगू?

माझ्या शाळेतही पुस्तकांचे कपाट होते. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि कपाट उघडायचे ते तपासणीला साहेब आले की. काचेतून नावे वाचूनच माझे शालेय शिक्षण संपले. आज माझ्या मुलाच्या नशिबीही तेच का?

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील. सर्व विषयांत साप येत नाहीत का? 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर मुलांना आनंद देणारी पुस्तके शाळेत आणि गावच्या ग्रंथालयात मुबलक मिळावीत म्हणते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत मिळतात. शंभर मुले धरली तर मुलामागे पन्नास रुपये. तेवढ्यातली पुस्तके निवडतानाही मुलांना कोणी विचारत नाही.

ज्या गोव्यात 1556 साली छापखाना आला, जिथले मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचे आहे, तिथे ही गत. ते ग्रंथालय पणजीला पाटोवर आहे. आमच्या वाड्यावरचा मुलगा तिथे कधी पोचणार?

आणि आता खरे बोलते. तुम्ही सगळे, या पक्षाचे नि त्या पक्षाचे, आमच्या मुलांवरून नुसते भांडत आलात. 1990 साली प्राथमिक शाळांच्या माध्यमावरून वाद, 2011 साली इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून वाद. मोर्चे निघाले, सरकारे हादरली. मूल कुठल्या भाषेत शिकणार यावर इतकी वर्षे गेली, पण त्या भाषेत त्याला काय वाचावेसे वाटते हे कोणी विचारले? पट घटला म्हणून मराठी शाळांना टाळे लागते, तेव्हा दोष आम्हा पालकांना. ज्या भाषेतले पुस्तक शाळेतच हिसकावून घेतले जाते, त्या भाषेवर मुलाने प्रेम तरी कशाच्या जोरावर करायचे?

शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांच्या डोक्यावर निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे. यादी हातात असली की त्यांना कोणी जाब विचारत नाही, म्हणून ते यादी धरून बसतात. ती भीती तुम्हीच काढू शकता.

त्यासाठी एक परिपत्रक पुरे. आठवड्यातला एक तास मुलाच्या आवडीच्या पुस्तकाला द्या, मग ते चित्रकथेचे असो, फुटबॉलचे असो की भुताखेतांचे. त्यावर गुण नकोत, सारांश नको, प्रश्नोत्तरे नकोत. पुस्तक वयाला शोभणारे नाही असे शिक्षकांना वाटले तर त्यांनी पालकांना बोलावून सांगावे, पण वर्गात सगळ्यांदेखत ओढून घेऊ नये. कपाट रोज उघडे राहते की नाही, हे भागशिक्षणाधिकाऱ्यांनी न सांगता येऊन पाहावे.

उत्तर मराठीत द्या, कोकणीत द्या, पण लेखी द्या.

आपली,
सत्तरी तालुक्यातील एक आई