सुजयच्या कोर्सबद्दल, आणि बाकीचं

अ‍ॅबरडीन

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. वजन उतरलेलं नाही, व्हिडिओत तोंड तसंच दिसतं, हे आईला सांगा. आणि माझं काम जमिनीवरच्या ऑफिसात आहे, समुद्रातल्या रिगवर नाही. काकूंना कोणी काय सांगितलं देव जाणे.

तुम्ही विचारलंत म्हणून, सुजयला कारखान्यातल्या सेफ्टीचा कोर्स करू दे. पण नुसती कलमं घोकून घेणारा असेल तर फी वाया. काकांनी कॉलेजात एवढंच विचारावं, पोरांच्या हातात गॅस मीटर देता का? टाकीत माणूस उतरवण्याआधी हवा तपासतात ती आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, मग विषारी. क्रमामागचं कारण कळायला हवं. ऑक्सिजन कमी असला की पेट घेणाऱ्या वायूचा नेहमीचा सेन्सर खरा आकडा दाखवत नाही, आणि मीटर वाजत नाही म्हणून फिटर आत जातो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर साधा मास्क लावूनही आत जायचं नाही. तपासायचं वर, मधे आणि तळाशी, कारण हायड्रोजन सल्फाइड जड, खाली साचतो. त्याचं प्रमाण वाढलं की वास येणंच बंद होतं. वास नाही म्हणजे गॅस नाही, हा समज पहिल्याच सेमिस्टरला मोडायला हवा. आत कोणी पडला की बाहेरचा धावत उतरतो आणि तोही पडतो. म्हणून माणसाला दोराने वर ओढायची तिपाई आणि विंच आधी उभं राहतं, परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, सही नंतर. पोरांनी माणसाच्या वजनाचा पुतळा मॅनहोलमधून स्वतः ओढून काढून बघावा, मग कळतं.

दुसरं, पाळी बदलताना काय सांगायचं ते. इथल्या समुद्रात ६ जुलै १९८८ ला पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढून तिथे ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करायची चकती, लावलेली होती. रात्रपाळीला त्याची कल्पना नव्हती, त्यांनी तोच पंप चालू केला. एकाच पंपाची दोन परमिटं पोरांच्या हातात देऊन 'आता पाळी सोपवा' म्हणायचं, आणि काय सांगायचं राहिलं त्यावर मार्क द्यायचे. लेखी पेपरपेक्षा ही परीक्षा बरी.

इथल्या लोकांची एक तऱ्हा मात्र ऐका. ऑफिसातल्या जिन्यावरही एक हात कठड्यावर. कॉफीच्या कपाला झाकण. दोन्ही हातांत सामान असेल तर दोन फेऱ्या. गाडी उलटी आत घालून लावायची, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे. कठडा सोडला तर सफाईवाली बाईसुद्धा साहेबाला टोकते, आणि साहेब वर थँक्यू म्हणतो! हे सगळं कठड्यासाठी नाही, वरच्याला टोकायची सवय लागावी म्हणून. आपल्याकडे नेमकं हेच शिकवत नाहीत. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत ठेकेदाराचा माणूस बिहारचा किंवा ओडिशाचा, परमिट इंग्रजीत. त्याला त्याच्या भाषेत धोका सांगून त्याच्याकडून परत वदवून घेणं, आणि मॅनेजरसमोर काम थांबवणं, याचा सराव हवा. सुजयला हिंदी-गुजराती येतं, तेवढी त्याची निम्मी तयारी झालीच.

दांडिया बाजारच्या घराची गच्ची पावसाआधी करून घ्या, पैसे या महिन्यात येतील. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी रजा जमली नाही. आत्या होती, मला माहीत आहे, तरी. नाशिकच्या स्थळाला नकार कळवू नका, पण होही म्हणू नका. मी दिवाळीत येते, तेव्हा भेटेन.

तुमची,
मनू