डिब्रुमसाहेब, खारेपाटातून तुमचे आभार

आदरणीय टोनी डिब्रुमसाहेब,

तुम्ही पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांचे परराष्ट्रमंत्री होतात; २२ ऑगस्ट २०१७ ला तुमच्या राजधानीत, माजुरोत, हे जग सोडून गेलात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामानबदलाबाबत एकमताने सांगितलं, की देशांवर कायदेशीर जबाबदारी आहे आणि तापमानवाढीची मर्यादा दीड अंशाची. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्यात पुढाकार तुमच्याच महासागरातल्या वानुआतू या बेटांच्या देशाचा. पण दीड अंश ऐकलं आणि मला भरून आलं ते तुमच्या आठवणीने.

मी रायगडच्या खारेपाटातली. आमची भातशेती समुद्राच्या बांधाआड. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव नको. आमच्यावर ती वेळ आली तेव्हा ज्या ज्या टेबलापुढे अर्ज ठेवला तिथे एकच उत्तर मिळालं, "समुद्राला कोण अडवणार?" एका साहेबांनी तर कागद न उघडताच विचारलं, "पोरं मुंबईला आहेत ना? मग कशाला जीव जाळता?" ते वाक्य अजून सलतं. बांधाची डागडुजी आमच्याच माणसांनी करायची, ते ओझं तुमच्यावर टाकत नाही. पण समुद्राची पातळी चढतेय ती कुणामुळे, हे बड्या देशांच्या तोंडावर विचारणारं कुणीतरी हवं होतं. तुम्ही विचारलंत.

तुमचा देश समुद्रापासून जेमतेम दोन मीटर उंच. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने तुमच्याच बिकिनी बेटावर चाचणीसाठी ब्राव्हो नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात, लिकीप बेटावर आजोबांबरोबर मासे धरत होतात. आजोबा जाळं टाकत होते आणि सगळं आभाळ लाल झालं. १९४६ ते १९५८ या काळात असे ६७ स्फोट तुमच्या लोकांनी सोसले. तोच मुलगा पुढे त्याच अमेरिकेसमोर बसून आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी करतो, तीन वेळा परराष्ट्रमंत्री होतो, आणि २०१४ साली नऊ अण्वस्त्रधारी देशांना हेगच्या न्यायालयात उभं करायला निघतो! त्या नऊ देशांत माझा भारतही होता. वाचलं तेव्हा मनाला लागलं, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही नुकसानभरपाई मागतच नव्हता, शस्त्रं कमी करण्याचा शब्द पाळा एवढंच म्हणत होतात. ते आभाळ पाहिलेल्या माणसाला तेवढं म्हणायचा हक्क होताच. २०१६ मध्ये न्यायालयाने खटला ऐकायला नकार दिला.

पॅरिसच्या हवामान परिषदेचं सगळं राजकारण इथे सांगत बसत नाही. २००९ साली कोपनहेगनच्या परिषदेत बेटांच्या देशांची दोन अंशांच्या मर्यादेवर बोळवण झाली होती. पॅरिसला तुम्ही श्रीमंत-गरीब असे शंभराच्या वर देश एका बाजूला आणलेत, आणि १२ डिसेंबर २०१५ च्या करारात दीड अंश आला. त्याच्या आदल्याच महिन्यात तुम्ही तुमच्या देशात निवडणूक हरला होतात. दुसरा कुणी असता तर तोंड लपवून घरी बसला असता.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडली ती तुमची एक छोटीशी कृती. करार झाला, समारोपाची भाषणं सुरू झाली. तुमच्या देशाची पाळी आली. सगळं जग ऐकत होतं, आणि आयुष्यभराच्या झगड्याचं चीज झाल्यावर दोन शब्द बोलण्याचा मान तुमचाच होता. तुम्ही माईक दिलात सेलिना लीम या अठरा वर्षांच्या मुलीला. केसांत नारळाचं पान माळलेली ती पोर बोलली, आणि तुम्ही ऐकत बसलात. साहेब, आमच्याकडे बांधावर दोन टोपल्या माती पडली तरी नारळ कुणी फोडायचा यावरून भांडणं होतात. ज्याचं खरोखर सगळं श्रेय त्याने खुर्ची मागे सरकवावी, आणि ज्यांना पुढे तिथे जगायचं आहे त्यांच्यापैकी एकीला बोलू द्यावं, हे मी मोठ्या पदावरच्या माणसात फार कमी पाहिलं आहे. सत्ता हातात असताना समोरच्याला माणूस म्हणून वागवणं काही अवघड नसतं. पंचनाम्याचा कागद उघडून नुसता वाचला असता तरी आम्हाला पुरलं असतं.

आमच्या गावातली एक मुलगी बारावीनंतर भूगोल घेऊन शिकते आहे. खारभूमीवर प्रकल्प करायचा म्हणते. तिला मी तुमची सगळी हकिगत सांगितली आणि गावच्या पुढच्या बैठकीत बांधाबद्दल बोलायला तिलाच उभं करायचं ठरवलं आहे. सरपंचांनाही तसं कळवलंय.

साहेब, तुमचे मनापासून आभार. सेलिनालाही माझे आशीर्वाद.

आपली,
खारेपाटातली एक शेतकरी