शेकोटीच्या रंगांचा स्कार्फ

लर्विक, शेटलंड बेटं, स्कॉटलंड
डिसेंबर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, तुझा स्कार्फ झाला, आज पोस्टात टाकला. निफाडचा पारा ५ अंशांपर्यंत उतरल्याचं वाचलं, म्हणून घाई केली. चांगला आहे म्हणून कपाटात ठेवू नकोस. पहाटे अंगणात येतानाच गळ्यात घाल.

रंग असे का, ते तू विचारशीलच. इथे जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी 'अप हेली आ' नावाचा सण असतो. रस्त्यावरचे दिवे मालवतात, हजाराच्या आसपास मशाली पेटतात आणि मिरवणुकीने आणलेल्या लाकडी गलबतावर त्या फेकून ते जाळतात. यंदा मी अगदी पुढे उभा होतो. होळी आठवेल असं वाटलं होतं, पण डोळ्यांसमोर आली ती आपली द्राक्षबाग. मणी तडकू नयेत म्हणून बाबा, तुम्ही भल्या पहाटे उठून बागेत शेकोट्या करायचात आणि मी गोधडी पांघरून बांधावर बसायचो. जाळ कसा असतो ते मी तिथे पाहिलं. आत पिवळा, मग केशरी, लाल फक्त कडेला, आणि उजाडलं की नुसती राख.

त्याच क्रमाने विणलंय. राखाडी आणि तपकिरी लोकर न रंगवलेली आहे, इथल्या मेंढ्यांचाच तो रंग. वीण इथली जुनी, 'ओल्ड शेल'. आई, तुझ्यासाठी लिहितो: १८ टाक्यांचा नमुना. दोन टाके एकत्र तीनदा, मग दोरा पुढे घेऊन एक सुलट असं सहादा, पुन्हा दोन टाके एकत्र तीनदा. चार ओळींत जाळीची ही एकच ओळ, बाकीच्या साध्या. एकत्र केलेले टाके ओढून धरतात, जाळीचे पसरतात आणि सरळ ओळीची आपोआप लाट होते. लाटेवर रंग बदलला की जाळ हलतोय असं वाटतं.

पण खरा जीव ओतलाय काठात. तो शिवून जोडलेला नाही. मोजके टाके घेऊन आडवा विणत जायचा आणि दर दुसऱ्या ओळीला स्कार्फचा एक टाका त्यात गुंतवायचा. टाके वाढवत नेले की टोक बाहेर येतं, घटवले की पुन्हा आत. ही टोकं मी केशरी ठेवलीत. विणून झाल्यावर सगळं चुरगळलेलं दिसत होतं. ओलं करून एकेक टोक टाचणीने ताणलं, तेव्हा जाळी उघडली. तू बघायला हवी होतीस.

इथे सध्या दिवस सहा तासांचाही नाही, तीनलाच अंधारतं. शेजारच्या आजींकडे बसून शिकलो. त्या सांगतात, पूर्वीच्या बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. उन्स्ट बेटावरची लोकर तर इतकी बारीक कातलेली असे की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. चालताना विणायला त्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधत. त्याच्या गादीत घोड्याचे केस भरलेले असतात आणि वर भोकं असतात. उजव्या सुईचं टोक भोकात खोचलं की सुईचा भार पट्टा घेतो.

आई, तसा एक पट्टा आणि दोन्हीकडे टोक असलेल्या लांब सुया पार्सलमध्ये ठेवल्यात. मनगट दुखतं म्हणून तू विणणं सोडलंस, ते मला फार लागतं. उलट-सुलट मला तूच शिकवलंस. चार ओळी तरी करून बघ. दुखलं तर लगेच थांब.

बाबा, धुण्याचं तुमच्याकडे. कोमट पाणी आणि रिठे. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. मग गादीवर पसरून टोकं टाचायची, उन्हात नाही.

मण्यांत पाणी उतरलं का, ते कळवा. आणि रात्री बागेत एकटे जाऊ नका, गड्याला सोबत घ्या.

तुमचा,
धाकटा