मसल कार, स्पोर्ट्स कार आणि करांचे गणित

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन मसल कार आणि परदेशी स्पोर्ट्स कार यांची तुलना करणारा लेख वाचला. मोटारींच्या इतिहासावर मराठीत इतके सविस्तर क्वचितच लिहिले जाते, त्यामुळे लेखकाचे अभिनंदन करतो. मात्र लेखाचा मुख्य निष्कर्ष पटला नाही. अमेरिकन माणूस मुळात दांडगा आणि दिखाऊ, म्हणून त्याने मोठ्या इंजिनाच्या, सरळ रेषेत सुसाट धावणाऱ्या गाड्या केल्या. युरोपीय माणूस रसिक आणि नेमका, म्हणून त्याच्या गाड्या लहान आणि चपळ झाल्या, असे लेखक म्हणतात. दोन्हीकडच्या अभियंत्यांपुढचे कर, पेट्रोलचे भाव आणि रस्ते वेगवेगळे होते, आणि गाड्यांमधला बहुतेक फरक त्यातूनच आला आहे, असे माझे म्हणणे आहे. माझी सारी नोकरी पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात इंजिनांच्या चाचणी विभागात झाली असल्याने लेखासोबतच्या अश्वशक्तीच्या तक्त्याबद्दलही लिहिणे भाग आहे.

ब्रिटनमध्ये दुसरे महायुद्ध संपेपर्यंत मोटारीवरचा कर एका सूत्राने ठरत असे. त्या सूत्रात सिलिंडरांची संख्या आणि सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, एवढेच धरले जाई. पिस्टन वरखाली किती अंतर जातो, म्हणजे स्ट्रोक, याचा हिशेबच नव्हता. साहजिकच तिथल्या अभियंत्यांनी सिलिंडर अरुंद ठेवून स्ट्रोक लांबवला. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे इंजिन १,२५० सीसीचे होते. त्याचा बोअर ६६.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. युद्धानंतर लवकरच तो कर गेला, पण वळण गेले नाही. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचाही बोअर ८७ आणि स्ट्रोक १०६ मिलिमीटर आहे. याच्या शेजारी अमेरिकेतल्या शेवरलेचे १९५५ चे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन ठेवून पाहावे : बोअर पावणेचार इंच, स्ट्रोक तीन इंच. अमेरिकन मोटार उद्योगाचे केंद्र असलेल्या डेट्रॉइटमध्ये बोअरच्या रुंदीवर कोणी कर लावत नव्हते. रुंद बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह मावतात, आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनचा वेग आटोक्यात राहतो आणि इंजिनाला अधिक फेरे घेता येतात. लेखकांनी ज्याला ‘ओबडधोबड अमेरिकन लोखंड’ म्हटले आहे, ते इंजिन या एका बाबतीत जॅग्वारच्या नावाजलेल्या इंजिनापेक्षा पुढचे होते.

इटलीत आणि जपानमध्ये करांची रेषा दोन लिटरवर होती. इटलीत १९७० च्या दशकात दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर विक्रीकराचा बोजा जवळपास दुप्पट झाला, तेव्हा फेरारीसारख्या कंपनीनेही आपले व्ही-८ इंजिन आक्रसून १,९९१ सीसीचे केले आणि ते घातलेली २०८ जीटीबी १९८० मध्ये खास घरच्या गिऱ्हाइकासाठी काढली. जपानच्या डॅटसनची २४०-झेड अमेरिकेत २.४ लिटरचे इंजिन घेऊन उतरली. तीच गाडी मायदेशात फेअरलेडी झेड या नावाने सुरुवातीला दोन लिटरच्या इंजिनावर विकली जात होती. गाडी तीच, अभियंते तेच, स्वभावही तोच. बदलला फक्त कर. आपल्याकडच्या वाचकाला हे नवे वाटू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलवर १,२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांचे उत्पादन शुल्क उतरले, आणि दोन वर्षांत आमच्या पुण्यातच इंडिगोची डिकी कापून ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस तयार झाली. ती आखूड डिकी पाहून मराठी माणसाच्या सौंदर्यदृष्टीबद्दल कोणी निष्कर्ष काढला असता, तर आपल्याला हसूच आले असते.

रस्त्यांचेही तसेच. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरे लांब आणि रस्ते सरळ. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतींचे नियमन करणारी संघटना तिथे १९५१ मध्येच स्थापन झाली होती. ज्या तरुणाला शनिवारी रात्री डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शेजारच्या गाडीला मागे टाकायचे होते, त्याला आल्प्सच्या घाटातली वळणे घेणारे सस्पेन्शन विकत घेण्याचे काहीच कारण नव्हते.

आता लेखात ज्या प्रसंगाला मोठे स्थान दिले आहे, त्या ‘जीटीओ विरुद्ध जीटीओ’ सामन्याबद्दल. जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक विभागाने १९६४ च्या मॉडेलसाठी जीटीओ हे नाव फेरारीच्या २५० जीटीओवरून सरळ उचलले होते. जनरल मोटर्सचा त्या वेळचा नियम असा होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे ६.४ लिटरचे इंजिन ‘टेम्पेस्ट’ या साध्या गाडीत घातले आणि ते स्वतंत्र मॉडेल न म्हणता सुमारे २९५ डॉलरचे ऐच्छिक पॅकेज म्हणून किमतीच्या यादीत सरकवून दिले. नियमाला अशी बगल देऊन काढलेल्या या गाडीची पहिल्याच वर्षी ३२,४५० नगांची विक्री झाली, तेव्हा वरिष्ठांचा आक्षेप आपोआप मावळला. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात दोन्ही जीटीओ समोरासमोर आणल्या आणि पॉन्टिअॅकचे पारडे जड ठरवले, ही आपल्या लेखातली माहिती बरोबर आहे. लेखात आलेली नाही ती गोष्ट अशी, की फेरारी त्या चाचणीला आलीच नव्हती. मुखपृष्ठावर दोन गाड्या शेजारी दिसतात ते रंगवलेले चित्र आहे. शिवाय ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठणाऱ्या त्या पॉन्टिअॅकमध्ये ३८९ ऐवजी ४२१ घन इंचांचे इंजिन गुपचूप बसवले होते, हे पॉन्टिअॅकच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी काही दशकांनंतर स्वतःच सांगितले. जाहिरात म्हणून हा डाव अव्वल होता याबद्दल वाद नाही, पण दोन देशांच्या गाड्यांचा निवाडा करायला तो पुरावा म्हणून चालणार नाही. ज्या २५० जीटीओशी तुलना झाली ती तीन लिटर इंजिनाची जेमतेम तीन डझन बनलेली शर्यतीची गाडी होती आणि अमेरिकेत तिची किंमत १८,००० डॉलरच्या घरात होती. पॉन्टिअॅकची मूळ किंमत तीन हजारांच्या आत होती. एवढ्या पैशात मिळणाऱ्या वेगाबद्दल पॉन्टिअॅकचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

हे कौतुक करताना एक दोष मात्र झाकून चालणार नाही. सुमारे १,६०० किलो वजनाच्या त्या गाडीला थांबवायला चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक होते. वेगात लागोपाठ दोन-तीनदा जोरात ब्रेक मारल्यावर ड्रम तापतात, पेडल कडक राहते आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. उताराच्या घाटात गाडी चालवणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. जॅग्वार ई-टाइपला १९६१ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. पॉन्टिअॅक जीटीओला पुढच्या चाकांना डिस्क मिळाले ते १९६७ मध्ये, आणि तेही वेगळे पैसे मोजून. पेट्रोल स्वस्त होते, रस्ते सरळ होते, ही कारणे इथे लागू होत नाहीत. ही निव्वळ काटकसर होती.

आता अश्वशक्तीचा तक्ता. त्यात १९६४ ते १९७० च्या अमेरिकन गाड्यांचे आकडे पोर्शे ९११ च्या १३० या आकड्याशेजारी एकाच स्तंभात मांडले आहेत. पोर्शेचा आकडा जर्मन डीआयएन पद्धतीने, म्हणजे गाडीत असते तशी सामग्री इंजिनाला जोडून, मोजलेला आहे. अमेरिकन आकडे १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ पद्धतीचे आहेत. ग्रॉस म्हणजे काय, ते टेस्ट बेडवर उभे राहिल्याशिवाय नीट कळत नाही. इंजिन स्टँडवर बांधलेले असते, गाडीत नसते. एअर क्लीनर काढलेला, पंखा नाही, अल्टरनेटरचा भार नाही, सायलेन्सरऐवजी धूर बाहेर नेणारे मोठे मोकळे पाइप, आणि इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, प्रत्येक वेगाला हाताने सर्वोत्तम जागी लावलेले. शक्ती मोजणाऱ्या डायनामोमीटरच्या काट्यावर तेव्हा दिसणारी शक्ती खरी असते, पण ती रस्त्यावर कधीच उतरत नाही. १९७२ च्या मॉडेलांपासून अमेरिकन कंपन्या सर्व सामग्री जोडून मोजलेला ‘नेट’ आकडा देऊ लागल्या. क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचे १९७१ मध्ये दोन्ही आकडे उपलब्ध आहेत : ग्रॉस ४२५ आणि नेट ३५०. इंजिन तेच, नटबोल्टही बदललेला नाही.

यावरून अमेरिकन कंपन्यांना खोटारडे ठरवण्याचीही घाई करू नये. ई-टाइपचा २६५ हा आकडा आणि २४०-झेडचा १५१ हा आकडा हेही ग्रॉसच आहेत. उलट शेवरलेच्या कॅमारो झेड-२८ च्या इंजिनाची शक्ती २९० लिहिली जाई, ती प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक होती.

याच झेड-२८ मुळे ‘मसल कारला वळण घेता येत नाही’ हे लेखातले विधानही जरा तपासून घ्यावे लागते. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम मालिकेच्या शर्यती वळणावळणाच्या ट्रॅकवर होत आणि मोठ्या गटातल्या इंजिनाला सुमारे पाच लिटरची मर्यादा होती. सेब्रिंगची पहिलीच शर्यत योखेन रिंट यांनी १.६ लिटरच्या अल्फा रोमिओ जीटीएमधून सगळ्या व्ही-८ गाड्यांना मागे टाकून जिंकली. हा धडा डेट्रॉइटने घेतला. १९६८ मध्ये मार्क डोनोह्यू यांनी कॅमारोमधून तेरापैकी दहा शर्यती जिंकल्या. नियमांनी वळणे मागितली तेव्हा वळणारी गाडी तयार झाली. (कॅमारो आणि मस्टँग यांना जाणकार ‘पोनी कार’, म्हणजे आटोपशीर आकाराच्या स्पोर्टी गाड्या, म्हणतात, मसल कार नव्हे, लेखात ती सरमिसळ झाली आहे, पण मी तिच्यावर भांडणार नाही.)

‘परदेशी’ गाड्या अमेरिकेपासून अलिप्त राहून घडल्या, हा समजही दुरुस्त व्हायला हवा. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन मागे लागले नसते, तर पोर्शेने १९५४ ची ३५६ स्पीडस्टर काढली नसती आणि मर्सिडीजची ३०० एसएल रस्त्यावरची गाडी म्हणून विकली गेली नसती. कॅरल शेल्बी यांनी १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या सांगाड्यात फोर्डचे व्ही-८ बसवले आणि त्या कोब्राच्या डेटोना कूपे या बंद छताच्या अवताराने १९६५ मध्ये मोठ्या जीटी गाड्यांचे जागतिक विजेतेपद फेरारीकडून घेतले. इंग्लंडच्या जेन्सन इंटरसेप्टरमध्ये क्रायस्लरचे इंजिन होते. इटलीच्या डी टोमासो पँटेरामध्ये फोर्डचे, आणि ती अमेरिकेत फोर्डच्याच लिंकन-मर्क्युरी विभागाच्या शोरूममध्ये विकली जात होती. या गाड्या लेखकांच्या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात बसवायच्या?

मसल कारचा अंत १९७३ च्या तेलटंचाईने केला, असे लेखात म्हटले आहे. हेमी इंजिन १९७१ नंतर बंद झाले आणि त्याच वर्षी जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी आपल्या इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबण्याचे प्रमाण, उतरवले. अरब देशांची तेलबंदी आली ती ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्याआधीच १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने आणि तरुण चालकांच्या विम्याच्या चढ्या हप्त्यांनी या गाड्यांचा बाजार बसवला होता. अशा अमेरिकन नियमांनी ब्रिटिश स्पोर्ट्स कारलाही सोडले नाही. एमजीबीला बंपरच्या नियमांसाठी काळे रबर चढवून उंची वाढवावी लागली, अमेरिकेसाठीचे तिचे दोन कार्ब्युरेटर जाऊन एक आला, आणि १९८० मध्ये एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला.

आजच्या गाड्यांविषयी लेखाने जुनेच वर्णन पुढे चालवले आहे. २०१५ च्या मस्टँगला मागच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन सरसकट मिळाले आणि कारखान्यातूनच उजव्या हाताचे स्टिअरिंगही मिळाले, म्हणून ती २०१६ मध्ये भारतात विकायला येऊ शकली. २०२० च्या कॉर्व्हेटचे इंजिन चालकाच्या मागे गेले आहे. डॉज चॅलेंजर आणि शेवरले कॅमारो यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले.

पुरवणीच्या पुढच्या अंकात तो तक्ता पुन्हा छापणार असाल, तर प्रत्येक आकड्यासमोर ग्रॉस, नेट की डीआयएन हे लिहावे आणि गाडीचे वजन व त्या वर्षीची किंमत असे दोन स्तंभ वाढवावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता,
चिंचवड, पुणे