बकल्स आणि 'उदारनिर्वाह'

लेस्टर,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय दत्तूमास्तर,
स.न.वि.वि.

तुझा मेसेज पोचला. चारच शब्द : 'आता तरी खरा दाखवतील?' खरा म्हणजे खरा खलनायक. साडेचार वर्षं झाली लेका, पण तुझा राग काही उतरलेला नाही. बीबीसीने नोव्हेंबरात 'लाइन ऑफ ड्यूटी' या पोलिसी मालिकेचा सातवा सीझन जाहीर केला तेव्हा मलाही आधी तूच आठवलास. भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्या तिच्यातल्या एसी-१२ पथकाचा साहेब टेड हेस्टिंग्ज वगैरे मागाहून.

फोनवर हे भागायचं नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. नाताळची सुट्टी आहे, बाहेर चार वाजताच काळोख पडतो, आणि तुला एक गोष्ट सांगायची छत्तीस वर्षं राहून गेली आहे. ती सांगतोच. पण आधी तुझ्या रागाचं बघू.

२०१९च्या मे महिन्यात तू इथे आला होतास तेव्हा आपण एकोणतीस भाग अकरा रात्रींत संपवले होते. तू पहिल्याच रात्री विचारलंस, "पोलिसांनी पोलिसांना पकडायचं, यात गुप्तहेर कोण?" आणि तिसऱ्या रात्री जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर येऊन बसलास. भ्रष्टाचार खणून काढणाऱ्या साहेबाचं नाव हेस्टिंग्ज, याचं तुला किती हसू आलं होतं! सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल तो वॉरन हेस्टिंग्ज, लाचखोरीसकट वीस-बावीस आरोप, पार्लमेंटात १७८८ ते १७९५ खटला, शेवटी निर्दोष सुटका. माझ्या मुलीला तू हे सगळं दीड तास सांगितलंस. त्या दीड तासाचं तिने अजून मनावर घेतलेलं नाही, काळजी करू नकोस.

मग २०२१. सहावा सीझन २१ मार्चला सुरू झाला आणि एप्रिलात तुला कोरोना झाला. वहिनी जिन्यात ताट ठेवून खाली जायच्या, आणि तू माडीवर ऑक्सिमीटर बोटाला लावून माझ्या सोमवारच्या फोनची वाट बघायचास. तो अख्खा सीझन तू पाहिलाच नाहीस, ऐकलास. कीर्तनकाराने पूर्वरंग-उत्तररंग लावावा तसा मी लावायचो. मध्येच तू खोकायला लागलास की थांबायचो. एकदा तू म्हणालास, "थांबू नको, खोकला माझा मी बघतो, त्या केटचं काय झालं ते सांग." त्या दिवशी तुझी पातळी ९१ होती, हे तू मला नंतर सांगितलंस.

अशा श्रोत्याला शेवटी मी काय दिलं? इअन बकल्स.

२ मेची रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. रविवार, नऊ वाजता. त्या रात्री १ कोटी २८ लाख लोक टीव्हीसमोर होते. २००२पासून इथे नव्या पद्धतीने मोजणी सुरू झाली, तेव्हापासून रोजच्या मालिका सोडल्या तर कुठल्याही नाट्यमालिकेचा एवढा प्रेक्षक झाला नव्हता. सगळ्यामागचा सूत्रधार म्हणून बेड्या घातलेल्या माणसाला कॉरिडॉरमधून आणतात. कॅमेरा पाय दाखवतो, पाठ दाखवतो, चेहरा दाखवत नाही. आमच्या घरात चहा गार झाला. मुलगी म्हणते पोलीसप्रमुख ऑस्बॉर्न, बायको म्हणते खुद्द हेस्टिंग्ज, मी गप्प. आणि वळतो कोण, तर पहिल्या सीझनपासून फायली हरवणारा, कामचुकार, ढेरपोट्या पोलीस अधिकारी बकल्स! मुलीने उशी फेकून मारली. टीव्ही वाचला.

दुसऱ्या दिवशी बँक हॉलिडे होता, त्यामुळे ऑफिसात राग काढायची सोय नव्हती. लोकांनी तो कुंपणावरून काढला (घरात कुणाला बोलवायला तेव्हा अजून बंदी होती). डावीकडचे गृहस्थ म्हणाले, "दहा वर्षं लेखकाने हातावर तुरी दिल्या." आमचे साहेब मंगळवारच्या मीटिंगमध्ये म्हणाले की लेखक थकला असणार, दुसरं काही नाही. मुलीचा हिशेब सरळ : सात रविवार वाया. आणि तुझा फोन तर त्याआधीच, सोमवारी सकाळी साताला : "मी मरणाच्या दारातून परत आलो ते हे ऐकायला?"

एकट्या उजवीकडच्या बाई खूश होत्या. वय सत्तरीचं, सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेलेली. गुलाबाच्या वाळक्या फांद्या छाटता छाटता म्हणाल्या, "मी अशा तीन बकल्सांच्या हाताखाली काम केलंय. तिघांनाही बढती मिळाली." आणि परत कात्री चालवायला लागल्या.

तेव्हा मी तुझ्याच बाजूचा होतो. आता नाही. पूर्ण नाही, असं म्हणू.

तुझं म्हणणं काय, तर तिसऱ्या सीझनमध्ये टोळीला मिळालेला पोलीस डॉट कॉटन मरताना एच या अक्षरावर इशारा करतो, आणि त्या एचच्या मागे आपण हिल्टन, हार्ग्रीव्ह्ज, हंटली, हेस्टिंग्ज अशी अख्खी बाराखडी पालथी घातली. पाचव्यात कळलं की एच हे नावाचं अक्षर नव्हतंच; मरताना त्याने बोटाने चार टिचक्याही मारल्या होत्या, मोर्समध्ये एच म्हणजे चार टिंबं, आणि चार टिंबं म्हणजे टोळीला मिळालेली चार माणसं. तिघं सापडली, चौथा उरला. एवढ्या तयारीनंतर चौथा कसा हवा? तुझे शब्द : "निदान कंसमामा तरी हवा होता रे, हा तर पेंद्याही नाही."

मान्य. तो भाग बसवलाही नीट नव्हता. अर्धा वेळ माणसं टेबलाभोवती बसून एकमेकांना आधी काय घडलं ते सांगतात. ऑस्बॉर्न, जो उघड उघड खोटं बोलत आलेला मुख्य अधिकारी, तो खुर्चीवर तसाच. हेस्टिंग्जच्या हाताखालच्या स्टीव्हचं गोळ्यांचं व्यसन किती ताणलं, आणि सोडवलं दोन वाक्यांत. यातलं एकही मी नाकारत नाही.

पण बकल्स ही चूक नव्हती. मालिकेचा लेखक मर्क्युरिओ मूळचा डॉक्टर. रोग एका गाठीत सापडतो की अंगभर पसरलेला असतो, हे त्याला कळत असणार. त्या सीझनमधला लॉरेन्स ख्रिस्तोफरचा खून तुला आठवतो ना? काळा आर्किटेक्ट, गोऱ्या पोरांनी मारलेला, आणि पोलिसांनी तपासाची वाट लावलेली. ते नाव ऐकून इथल्या प्रत्येकाला स्टीफन लॉरेन्स आठवला. १९९३ साली बसस्टॉपवर मारलेला अठरा वर्षांचा मुलगा. १९९९च्या मॅक्फर्सन अहवालाने लंडन पोलिसांत वर्णद्वेष संस्थेतच मुरलेला आहे असं म्हटलं. आणि शेवटचा भाग दाखवून सहा आठवडे होतात न होतात तोच, १५ जूनला, डॅनिअल मॉर्गनचा अहवाल आला. हा खाजगी डिटेक्टिव्ह. १९८७च्या मार्चमध्ये लंडनच्या एका पबच्या आवारात कुऱ्हाडीने मारला. पाच वेळा तपास, शिक्षा एकालाही नाही. समितीने आठ वर्षं घेतली आणि त्याच पोलिसांवर ठपका ठेवला तो संस्थात्मक भ्रष्टाचाराचा : अब्रू जाऊ नये म्हणून आपल्या चुका झाकत राहणं. शेवटच्या भागात मी उशीखाली तोंड लपवून जे ऐकलं होतं, तेच आता बातम्यांत ऐकत होतो. त्या दिवशी मी तुला फोन करणार होतो. केला नाही, कारण तू म्हणाला असतास, "मग बातम्याच बघतो, नाटक कशाला बघू?"

आता माझी गोष्ट.

बकल्स कशावरून सापडला, ते तुला आवडलं होतं, हे तरी कबूल कर. सगळ्या निरोपांत एकच शब्द त्याने एकाच पद्धतीने चुकवलेला. इंग्रजीत 'नक्की' अशा अर्थाचा तो डेफिनिटली. त्यात दुसऱ्या आयच्या जागी ए. फोनवर तू ओरडलास, "बघ! ऱ्हस्व-दीर्घासाठी मी पोरांना मारत होतो ते उगाच नाही!" मी हसलो आणि विषय बदलला. कारण मी असाच एक माणूस पकडलेला होता.

१९८९. मी सीएची आर्टिकलशिप करत होतो. सरांनी मला एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या ऑडिटला पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही, तुझं तू ओळखशील. माडीवर खोली, खाली हळदीचं गोदाम, त्यामुळे कागदाला हात लावला की बोटं पिवळी. डे बुक, खतावणी जुळत होती. व्हाउचरं होती. पण एका योजनेतली छोटी कर्जं जवळजवळ सगळी थकलेली, आणि वसुलीला गेलेला माणूस सांगे की पत्त्यावर कुणी राहतच नाही.

मला संशय मॅनेजरचा. बोटात सोन्याची अंगठी, मागितलं की रजिस्टर 'उद्या देतो'. बारा दिवस मी त्याची व्हाउचरं उलटीपालटी केली. काही निघेना. तो नुसताच आळशी होता.

तेराव्या दिवशी कर्जाचे अर्ज घेऊन बसलो. 'कर्जाचे कारण' या रकान्यात एकाने लिहिलं होतं : 'कुटुंबाचे उदारनिर्वाहासाठी'. मी एकटाच हसलो. म्हटलं, कर्ज काढून उदार होणारा हा कोण कर्ण? चार अर्जांनंतर पुन्हा तेच. पुन्हा. अक्षर वेगळं, शाई वेगळी, एक तर हिरव्या पेनाने डावीकडे कललेलं. शाखा तीन, गावं एकमेकांपासून वीस-वीस किलोमीटरवर. आणि उदारनिर्वाह मात्र सगळीकडे. मोजले : सदतीस. प्रत्येकी तीन हजार. १ लाख ११ हजार रुपये, १९८९चे.

मुख्य कचेरीत कर्जविभागाला एक कारकून होते. सगळे त्यांना नाना म्हणत. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, तिजोरीच्या खोलीची किल्ली दिवसातून दोनदा हरवायचे, पोरंटोरंसुद्धा म्हणत, "नानांना काय कळतंय." मला चहा तेच आणून द्यायचे. त्यांनी लिहिलेली जुनी टिपणं काढली. तिसऱ्याच पानावर, 'उदारनिर्वाह'.

नानांनी लगेच कबूल केलं. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. प्रत्येक अर्जावर कर्ज समितीच्या पाच जणांच्या सह्या होत्या. पाच सदतीस, १८५. त्यातल्या एकानेही तो रकाना वाचला नव्हता. वाचला असता तर दुसऱ्या अर्जालाच नाना सापडले असते. नानांची नोकरी गेली. चेअरमन पुढच्या वर्षी बिनविरोध निवडून आले आणि आमची ऑडिट फी त्यांनी आठ महिने थकवली.

सर म्हणाले होते, ऑफिसातलं ऑफिसात. म्हणून कुणाला बोललो नाही. पुढे तुझी पहिली नेमणूक त्याच गावी झाली आणि नानांची धाकटी तुझ्या वर्गात आली, तेव्हा तर तुला मुळीच सांगणार नव्हतो.

एकदाच भेटले ते नंतर, एसटी स्टँडवर. मी तोंड चुकवत होतो, तेच जवळ आले. "साहेब, कशावरून कळलं हो?" मी सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. "उदारनिर्वाह चुकीचं आहे होय? मग बरोबर काय?" मी तिकिटाच्या मागे 'उदर' लिहून दिलं. त्यांनी चष्मा पुढे ओढून ते वाचलं. "उदर म्हणजे पोट, नाही का," म्हणाले, तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि गाडीत चढले. तिकीट माझं होतं. कंडक्टरला मी दुसऱ्यांदा पैसे दिले.

बकल्स तसा नाही, हे मला कळतं. तो त्या काचेच्या खोलीत पकडला गेल्यावरही ओठांच्या कोपऱ्यात हसतो. नानांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पण हेस्टिंग्ज समोरच्या त्या माणसाकडे ज्या नजरेने बघतो, की इतकी वर्षं आपण शोधत होतो तो हा?, ती नजर मला आता ओळखीची वाटते. त्या रात्री ओळखीची वाटली नाही, कारण मलाही तुझ्यासारखा कंसमामाच हवा होता. आणि शेवटी पडद्यावर अक्षरं येतात की गैरव्यवहाराला आळा घालायची एसी-१२ची ताकद कधी नव्हती इतकी कमी झाली आहे, तेव्हा मला चेअरमन आठवले. हार घातलेले.

तू म्हणशील, नानांवर सिरियल काढली तर कोण बघेल. खरंय. मीही बघणार नाही.

नव्या सीझनचं शूटिंग वसंतात बेलफास्टला आहे म्हणतात. तू रिटायर झालास, आता सुट्टीची सबब नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचार, तिकिटाचं मी बघतो. या वेळी फोनवरून कीर्तन करणार नाही. तू शेजारी बसून बघायचं आणि खलनायक नाही आवडला तर उशी इथेच आहे. वहिनींना घेऊन ये. येताना भडंग आण, दोन किलो, मागच्या वेळचं मुलीने एकटीने संपवलं.

आणि नानांची ती धाकटी आता कुठे असते, तुला काही ठाऊक आहे का?

तुझा,
नंद्या